कौलाच्या पोटावरचं अक्षर

पत्रक वाचलं. दोनदा.
मग चष्मा धोतराला पुसून आणखी एकदा.
छपाई बेळगावची दिसते, शाई हाताला लागत नाही.
लुमाण्णा बिर्जे यांना सात सवाल,
आणि अगदी खाली, मुंगीएवढ्या टायपात,
आठवा, लोंढ्याच्या बाईचा.

बसा की ओ. चहा सांगितलाय.
खानापुरात त्यांच्या कौल-कारखान्यात
बत्तीस वर्षं कारकून होतो मी, रवळू निलजकर.
एवढ्या मोठ्या पत्रकात माझं नाव कुठंच नाही,
खोटं कशाला बोलू, जरा लागलंच मनाला.

माती म्हणता ना? चोरली.
मलप्रभेच्या काठाला परवाना चार फुटांचा,
आम्ही गेलो अकरा फूट.
गाड्या रात्री यायच्या,
बैलांच्या घुंगरांत चिंध्या कोंबलेल्या.
त्या साली दाबयंत्राचा हप्ता थकला होता, भट्टी विझत आली होती,
आणि विझलेली भट्टी पुन्हा पेटवायला काय लागतं
ते पत्रक लिहिणाऱ्याला विचारा.
त्यानं आजवर बिडी तरी पेटवलीय का स्वतःच्या काडीनं?

दोन वह्या होत्या. तेही खरं.
लाल साहेबासाठी, हिरवी आमच्यासाठी.
दोन्हींतलं अक्षर माझं.
हिरवीत बघा: मशिदीला दीड हजार कौलं,
बसवण्णाच्या गुडीला नऊशे,
मराठी शाळेला लागतील तेवढी;
वसुलीच्या रकान्यात आडवी रेघ.
ती रेघ मारताना ते म्हणायचे, रवळू, जाड मार,
उद्या मलाच मोह नको व्हायला.
असा माणूस चोर असेल,
पण चोरांतही प्रतवारी असते, कौलांत असते तशी.
एक नंबर, दोन नंबर, आणि फुटका माल.

तिसरा सवाल मागाहून बघू.

आधी गंगव्वाचं बोलू, तुम्ही लाजून बारीक छापलंय ते.
लोंढ्याच्या ठेसनामागं तिची खानावळ,
शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं हे जायचे,
रविवारी शेंगाचटणीचा डबा घेऊन यायचे
आणि तो डबा घासायची कोण? त्यांची बायको.
घासून, पुसून, आत दोन मूठ पोहे घालून परत द्यायची,
रिकामा डबा पाठवू नये म्हणून.
त्या दोघींत काय ठरलं होतं मला माहीत नाही.
तुम्हाला आहे?

दिवसा हा माणूस सीमेसाठी भाषणं करायचा,
हिंडलग्याच्या तुरुंगात तीन वेळा जाऊन आला,
आणि साचा घडवून घेतला तेव्हा
कौलाच्या पोटाला, आढ्याकडच्या बाजूला,
एक अक्षर कोरून घेतलं. कानडी 'ग'.
कारागीर हसला. मी नाही हसलो.
तालुक्यातलं अर्धं मराठी त्या 'ग'खाली झोपतं,
वर बघतं, आणि धुरानं काळं झालेलं वाचत नाही.
पुरावा पाहिजे ना? शिडी लावा.
पण आपल्याच घराला लावा.

चहा निवला तुमचा.
तिसऱ्याला टाळत नाही मी.
कामगारांचा फंड. पगारातून कापला,
भरला नाही.
भरणार होतो. भट्टीचं कर्ज, मग निवडणूक, मग दुसरी निवडणूक.
ते म्हणायचे पुढच्या महिन्यात,
मी लिहायचो पुढच्या महिन्यात.
भट्टीतोंडावरचा यल्लू कुंभार
खोकत खोकत फाटकाशी यायचा, विचारायचा नाही काही,
नुसता माझ्या टेबलावरच्या वह्यांकडं बघायचा.

तुम्ही कुणाचे म्हणालात?

नातू.

मघापासून कपाळ ओळखीचं वाटत होतं.

द्या ते पत्रक इकडं. पेन आहे?
लुमाण्णा माणूस मोठाच, हे मी अजून म्हणतो,
त्यांच्या तिरडीपुढंही म्हणेन.
पण इथं आकडा चुकलाय तुमचा.
तीन वर्षं नव्हे, पाच.
आणि बिर्जे यांच्या नावाखाली जागा आहे थोडी,
तिथं लिहा, हिशेब लिहिणार:
निलजकर.